आमच्या पोरांनी विणलेलं विकून फौजींना डबे पाठवतो – दुसरं वर्ष, सल्ला पाहिजे

सुलट_दोन_उलट_दोन
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेत मराठी शिकवते, कार्यानुभवाचा तासही माझ्याकडेच आहे. मागच्या वर्षीपासून आठवी-नववीची २३ मुलं (१४ मुली, ९ मुलगे) लोकरीचं आणि क्रोशाचं विणकाम करतात, ते आम्ही विकतो आणि त्या पैशातून आपल्या तालुक्यातले जे जवान सीमेवर आहेत त्यांना डबे पाठवतो. डबा म्हणजे खाऊ, मोजे, व्हॅसलीन, पत्र असं सगळं घातलेला पुठ्ठ्याचा खोका, पण पोरं त्याला 'फौजीचा डबा' म्हणतात म्हणून मी पण तेच म्हणते.

सुरुवात अशी झाली की आमचा एक माजी विद्यार्थी सैन्यात आहे, तो सुट्टीवर आला तेव्हा शाळेत भेटायला आला. कुठे असतो ते इथे लिहीत नाही, थंडीच्या जागी असतो एवढंच. आठवीच्या मुलींनी तिथेच ठरवून टाकलं की दादासाठी आपण मफलर विणायचा. त्याला सांगितलं तर तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, गरम कपडे आम्हाले सरकार देते, ड्युटीवर तेच घाला लागते. पाठवसान तं व्हॅसलीन पाठवा, जवसाची चटनी पाठवा अन् या पोराईच्या हातचं पत्र पाठवा." मुली हिरमुसल्या. तेवढ्यात नववीतला एक मागून म्हणे, "मॅडम, मफलर गावातच इकला अन् त्या पैशाची चटनी पाठवली तं?" झालं, तिथून हे सुरू झालं.

हाच मुलगा विणायला बसला तेव्हा त्याच्या बोटांत लोकर अडकायला लागली. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या वावरात कापूस वेचला होता, बोंडाच्या वाळल्या टरफलांनी बोटांची टोकं सोललेली, नखाजवळ चिरा, आणि प्रत्येक टाक्याला लोकरीचा एक तंतू त्या चिरेत ओढला जायचा. मी त्याला व्हॅसलीन दिली, म्हटलं रात्री लावून झोप, दोन दिवसांनी विण. तर तो मला विचारतो, "मॅडम, त्या दादाच्या बोटाले बी अशाच चिरा पडत असतीन ना, म्हनून मांगली का त्यानं?" त्या दिवसापासून आमच्या यादीत व्हॅसलीन पहिली आहे.

मागच्या वर्षीचा हिशोब शाळेच्या फलकावर लावला होता तोच इथे देते. १८ तोरणं २५० रुपयांनी, ४० रुमाल ६० नी, बाळाच्या टोपड्या-मोज्यांचे २६ जोड १५० नी आणि ३१ मोबाईल पिशव्या ८० नी, असे एकूण १३,२८० आले. लोकर, दोरा, सुया यात ४,१३० गेले. उरलेल्या ९,१५० मधून १२ डबे झाले, सामान ६,२४० आणि टपाल २,३१० रुपये. ६०० शिल्लक.

यंदा २० डबे करायचे आहेत. काय जास्त विकलं जाईल, डब्यात काय घालावं, टपालात काय काळजी घ्यावी, ज्यांना माहीत असेल त्यांनी सविस्तर सांगा. आणि कृपा करून इथे कोणीही जवानाचं नाव, युनिट, जागा लिहू नका.

पूर्णाकाठ
मॅडम काम चांगलं हाये तुमचं, त्यात वाद नाई. पन मले एक गोठ समजत नाई, आपन कपाशीवाले लोक, आपल्या घरी पोत्यानं कापूस पडून राह्यते अन् आपन लुधियान्याची लोकर इकत आनून तिचे रुमाल कराचे? काहून? आपल्या सुताचंच करा ना काई, पैसा गावात तं राहीन. दुसरं म्हंजे वेचनीच्या दिवसात पोट्टे वावरात लागतात, घरी आलं की थकून जाते लेकरू, त्याच्या मागं अजून एक काम नका लावू. माह्या घरी बी नववीतली पोरगी हाये म्हनून बोलून राह्यलो, राग मानू नका.

सुलट_दोन_उलट_दोन
राग कसला दादा, बरोबर बोललात. घरी काही नेऊ देत नाही मी. आठवड्याचे दोन कार्यानुभवाचे तास आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ज्याला थांबायचं तो थांबतो. वेचणीच्या पंधरवड्यात २३ पैकी ८-९ च असतात, चालतं. कोणाला किती विणलं विचारत नाही, मार्क पण त्याला जोडलेले नाहीत.

सुताचं म्हणाल तर तोरण आणि रुमाल सुतीच आहेत, क्रोशाचे. लोकर फक्त बाळाच्या वस्तूंना.

क्रोशावाली_काकू
मी वणीला राहते, पंधरा वर्षं झाली क्रोशाच्या वस्तू विकते आहे, त्यामुळे या बाबतीत जरा अधिकारानं बोलते. ताई, तुमचं २५० चं तोरण फार स्वस्त आहे. तीन फुटी दाराचं तोरण, खाली लोंबते गोंडे, मधात पानाची नक्षी असेल तर हाताला तीन-चार दिवस लागतात, ते चारशेच्या खाली देऊ नका. लोक "शाळेच्या पोरांनी केलंय" म्हणून कमी किंमत करतात, त्यांना सांगा की पोरांनी केलंय म्हणून टाके काही कमी पडत नाहीत.

आणि विकायची जागा बदला. आठवडी बाजारात लोक भाजीचे पैसे घेऊन येतात, तोरणाचे नाही. तुम्ही लग्नाच्या घरी जा. आपल्याकडे रुखवत अजून मांडतातच, तुळशीच्या लग्नानंतर तिथी सुरू होतात आणि मुलीकडच्यांना एकदम दहा-बारा वस्तू लागतात, थालपोस, तांब्याचा रुमाल, टीपॉयवरचं, तोरण, लोकरीचा कुत्रा पण मागतात. विकत आणतातच ना, मग तुमच्याकडून घेतील. पूर्ण संच करून ठेवा, एका रंगातला, आणि सोबत एक छोटी चिठ्ठी ठेवा की याचे पैसे कुठे जाणार आहेत. मांडवात रुखवत बघायला सगळ्या बाया जमतात, ती चिठ्ठी वाचली जाते. मी एका संचाला १५०० च्या आत कधी दिलं नाही.

मुलांना साखळी आणि मुका खांब हे दोन टाके आले की पुरे, पहिल्या महिन्यात खांबाच्या नादी लावू नका, नवशिक्याचा खांब एक उंच एक बुटका येतो आणि रुमाल वाटीसारखा उभा राहतो. टाके मोजायची सवय लावा, दर ओळीच्या शेवटी. बाळाच्या टोपड्याला लोकर मऊ घ्या, गालाला लावून बघा, टोचली तर नको.

माजी_हवालदार
जय हिंद. मी चिखली तालुक्यातला, सैन्यात १७ वर्षं काढली, त्यातला एक हिवाळा ग्लेशियरवर. या धाग्यावर लिहावंसं वाटलं कारण मला असा डबा एकदा आलेला आहे.

आधी त्या मुलाचं बरोबर का ते सांगतो. सियाचीनवर १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत झालं तेव्हापासून आपली फौज तिथं बारा महिने बसून आहे. साल्टोरोच्या धारेवरच्या काही पोस्टा वीस हजार फुटांच्या वर आहेत आणि हिवाळ्यात पारा उणे ५० पर्यंत जातो. तिथं जे कपडे मिळतात ते थरावर थर असे ठरवून दिलेले असतात, बूट वेगळे, हातमोजे वेगळे, त्यात घरचा स्वेटर घुसवायला जागा नसते आणि घुसवूही नये. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते, बाजारात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. बंकरमध्ये बुखारी (खोली तापवायची शेगडी) नाहीतर स्टोव्ह पेटलेला असतो. खऱ्या लोकरीला ठिणगी लागली तर ती जळून विझते, ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटते. म्हणून मफलर प्रेमानं पाठवला तरी जबाबदार जेसीओ (सुभेदार वगैरे) तो स्टोव्हजवळ घालू देणार नाही. आणि सुती मोजे त्या थंडीत नकोच नको, घामानं ओले झाले की पाय गारठतो, लोकर ओली असली तरी ऊब धरते. पाठवायचे तर चांगले जाड लोकरीचे मोजे, विकत घेऊन.

आता वर कोणी विचारेल (विचारतातच) की सरकार सगळं देते तर डबा कशाला. देते भाऊ. पण उंचावर भूक मरते. डोळ्यासमोर जेवण असतं आणि घास जात नाही, तोंडाला चवच नसते. काजू-बदाम, चॉकलेट पुष्कळ असायचं, बघवायचं नाही. मला जो डबा आला त्यात कऱ्हाळ्याची चटणी होती. कऱ्हाळं म्हणजे कारळं, काळी तेलबी, आमच्यासोबत एक हिमाचली होता, एक तामिळी, दोन मराठी. काळी चटणी बघून हिमाचली म्हणे ये बारूद है क्या. पण त्या दिवशी चौघांनी दोन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. चटणी संपली तरी मी ती पिशवी फेकली नाही, वास होता तिला घरचा.

गोड कमी पाठवा, तिखट कोरडं पाठवा. ओठाचा बाम, व्हॅसलीन, नेलकटर, सुई-दोरा आणि बटणं, पत्त्यांचा जोड, पेन (शाईचा नको, गोठतो). आणि पत्र. पत्रावर पोरांनी आपलं नाव आणि इयत्ता लिहावी, घरचा पत्ता आणि फोन नंबर नको.

फौजीची_माय
हवालदार भाऊ तुमी लिहिलं ते वाचून मी रडली. माहा पोरगा गेल्या तीन वर्सापासून तिकडं हाये. फोन लागते कधी तं सांगते बरा हाये माय, जेवतो मी. कधी सांगतलं नाई त्यानं का घास जात नाई म्हनून.

मॅडम आमचा तालुका तुमचा नाई पन जवळचाच हाये. जवस कांडून चटनी करून देतो मी, पाच किलो देतो, पैसे नका देऊ. फकत कशी भरू ते सांगा, मांगच्या खेपेले तेल सुटून पाकीट सारं ओलं झालं होतं.

पोस्टातला_माणूस
ताई, मी ग्रामीण डाक सेवक आहे त्यामुळे आधी तुमच्या चटणीचंच सांगतो. जवस जास्त कांडू नका, रवाळ ठेवा, पूर्ण थंड झाल्यावर भरा, आणि जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक, मधात वर्तमानपत्राचा कागद. बाटली किंवा बरणी नको, फुटते. काचेचं तर काहीच नको.

आता मॅडमसाठी. सैन्याच्या पत्त्यावर गावाचं नाव नसतं, युनिट आणि 'मार्फत ५६ ए.पी.ओ.' किंवा 'मार्फत ९९ ए.पी.ओ.' असं असतं, पिनकोड ९ ने सुरू होतो. आपलं पार्सल आधी दिल्लीच्या नाहीतर कोलकात्याच्या सेंट्रल बेस पोस्ट ऑफिसला जातं (५६ वालं दिल्ली, ९९ वालं कोलकाता) आणि तिथून पुढे लष्करी टपालवाले घेऊन जातात. म्हणून 'लडाखमधील कोणत्याही वीर जवानास' असं लिहून पाठवलं तर ते पोचत नाही, लोक भावनेनं असं लिहितात आणि मग पार्सल परत येतं, पोरांचा जीव खट्टू होतो. घरच्यांकडूनच नंबर, रँक, युनिट, पूर्ण पत्ता घ्या, एका कागदावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

पुठ्ठ्याचा खोका, त्यावर मांजरपाट शिवून घ्या. दाभण आणि जाड दोरा, टाके जवळ जवळ. पत्ता कापडावर मार्करनं लिहा आणि तोच पत्ता चिठ्ठीवर लिहून खोक्याच्या आतही ठेवा, वरचा पुसला तर आतला कामी येतो. काडीपेटी, लायटर, सेंटची बाटली, बॅटरीवालं काही घालू नका, विमानात चालत नाही. आणि उशीर करू नका. हिवाळ्यात लडाखच्या वाटेवरचा झोजीला घाट बर्फानं बंद पडला की तिकडचं सगळंच रेंगाळतं. दिवाळीचा डबा दिवाळीला पोचायचा असेल तर तो नवरात्रात निघाला पाहिजे.

आजीची_सुई
मी माझ्या आजीसाठी लिहितेय, ती अमरावतीजवळ राहते, हा धागा मी तिला वाचून दाखवला तर ती म्हणाली मी सांगते ते टाइप कर. तिच्याच शब्दांत:

"बासष्ट साली मी सातवीत होते. आमच्या शाळेत टकळीचा तास असायचा, वर्ध्याहून निघालेलं ते गांधीजींचं शिक्षण, सूत काढायचं आणि गुंडी करायची. दिवाळीच्या आधी चीननं हल्ला केला. रेडिओ गावात एकच होता, सगळे तिथे जमायचे. बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, आपले जवान सुती कपड्यात बर्फात उभे आहेत. बाईंच्या डोळ्यात पाणी होतं. दुसऱ्या दिवशीपासून टकळ्या बाजूला आणि हातात सुया. हिरवट खाकी रंगाची लोकर आली होती. मला मोज्याची टाच वळवता येत नव्हती, आई रात्री कंदिलाजवळ बसून टाच वळवून द्यायची आणि पुढचं मी करायची. माझ्या आईनं नाकातली नथ दिली होती संरक्षण निधीला, पुन्हा तिनं नथ केली नाही. यशवंतराव दिल्लीला गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं सगळे म्हणायचे, आम्ही पोरी म्हणायचो आपले मोजे पण धावले. तेव्हा खरंच गरज होती म्हणून मोजे गेले. आता गरज वेगळी आहे तर वेगळं पाठवा, त्या मुलाचं ऐका. पण हात थांबवू नका."

आजीनं विचारलंय की शाळा किती दूर आहे, मला नेऊन सोड, मी टाच वळवायला शिकवते.

सुलट_दोन_उलट_दोन
आजींना माझा नमस्कार सांग बाळा. तुला व्यक्तिगत निरोप पाठवते, शनिवारी गाडीची सोय शाळेकडून करू.

रासेयो_२२
मी वर्ध्याला बी.एस्सी.ला आहे, राष्ट्रीय सेवा योजनेत. वाचताना आठवलं म्हणून सांगतो, पहिल्या महायुद्धात अमेरिकेत पण शाळेतली मुलं विणत होती, तिथल्या रेड क्रॉसनं १९१७ मध्ये ज्युनियर रेड क्रॉस काढलं आणि वर्गावर्गात मोजे, मफलर विणणं सुरू झालं, मुलगेसुद्धा विणायचे.

मॅडम मला मुलग्यांबद्दलच विचारायचं होतं, तुमचे ९ मुलगे तयार कसे झाले, आमच्या युनिटमध्ये मी हा विषय काढला तर सगळ्या मुलींनी हात वर केले आणि मुलं म्हणाली आम्ही खोके उचलू.

सुलट_दोन_उलट_दोन
सुरुवातीला चारच होते. एकाची आई शाळेत आली होती, माझ्या पोराच्या हातात सुया कशाला दिल्या म्हणून, बरीच बोलली. मी वाद घातला नाही, पोराचं अर्धं झालेलं टोपडं तिच्या हातात दिलं. तिच्या मोठ्या मुलीला तेव्हा सातवा महिना होता. ती बाई टोपडं उलटून पालटून बघत राहिली, आतून गाठी कशा लपवल्या ते बघितलं, आणि पैसे काढून म्हणाली हे मीच घेते. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आपल्या मित्राला घेऊन आला.

माजी_हवालदार
रासेयो भाऊ, तुमच्या मुलांना सांगा की फौजेत सुई-दोरा प्रत्येकाकडे असतो, बटण तुटलं तर आई येत नाही लावायला. मी सुभेदाराला मोजा रफू करताना पाहिलं आहे, त्याच हातांनी एलएमजी (हलकी मशीनगन) चालवायचे ते.

वैनगंगेपलीकडे
सगळं वाचलं, फार चांगलं वाटलं, तरी एक गोष्ट मनाला लागली ती लिहितो. मी गडचिरोलीत आरोग्य खात्यात आहे, एटापल्ली-भामरागडकडे फिरतीवर असतो. जवान म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बर्फच येतं. पण विदर्भातल्या पोरांना एसटीनं एका दिवसात जाता येईल एवढ्या अंतरावर जवान आहेत, सीआरपीएफचे आहेत, आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांचं पोलिसांचं सी-६० पथक आहे, ते १९९० च्या सुमारास उभं राहिलं तेव्हापासून जंगलात पायी चालतं आहे. २०१९ च्या महाराष्ट्र दिनाला कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला स्फोट झाला, १५ पोलिस आणि गाडीचा चालक गेला. त्यातली कित्येक घरं तुमच्या-माझ्यासारखी, धानाच्या वावरातली.

त्यांच्याकडे थंडीचा नाही, मच्छराचा त्रास आहे. राज्यात मलेरियाचा भार जास्त असलेल्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा येतो. कॅम्पवर मच्छरदाणी असते पण गस्तीवर निघालं की दोन-दोन रात्री झाडाखाली. पाय सतत ओले, बोटांच्या बेचक्यात खाज आणि चिखल्या. इथे सुती मोजेच लागतात, भरपूर, रोज बदलायला. ओडोमॉस, पायाला लावायची बुरशीची पावडर, ओआरएसची पाकिटं, रेनकोटची साधी पिशवी. त्यांना पत्र कोणीच पाठवत नाही. राखी पौर्णिमेला सीमेवर राख्यांची पोती जातात, इकडे थोड्या येतात.

पोलिसांना फौजी म्हणायचं की नाही यावर वाद होईल, मला तो घालायचा नाही. पोरांसमोर हे मांडा एवढीच विनंती.

पूर्णाकाठ
वैनगंगेवाले भाऊ, खरं बोलले तुमी. माह्या साळ्याचा पोरगा सीआरपीएफमंदी हाये, त्याले कोनी फौजी म्हनलं नाई आजवर, गावात सत्कार झाला तोई आर्मीवाल्याईचाच. मॅडम, सुती मोजे लागतात म्हनतेत ना हे, तं आता झाली का नाई कपाशी कामाची! मी पाच डझन मोज्याचे पैसे देतो. अन् वेचनीचं मी वर बोललो होतो, माह्या पोरीनं हा धागा वाचला अन् क्रोशाची सुई मांगून राह्यली. कुठी भेटन ते सांगा.

क्रोशावाली_काकू
दादा, सुतासाठी ०.७५ ते १ मिलिमीटरची स्टीलची सुई घ्या, लोकरीसाठी ३ ची. कटलरीच्या कोणत्याही दुकानात मिळते, वीस-तीस रुपयांना. पहिली सुई माझ्याकडून, टपालानं पाठवते, पत्ता निरोपात द्या.

फौजीची_माय
मॅडम चटनी झाली. रवाळ ठेवली. दोन पिशव्या केल्या जशा सांगतल्या तशा. कोनाच्या डब्यात जाईन ते मले माहीत नाई अन् माहीत नाई झालं तरी चालते. ज्याच्या डब्यात जाईन तो जेवन.

सुलट_दोन_उलट_दोन
खूप दिवसांनी लिहितेय, परीक्षा होती. सगळ्यांचे आभार एकदमच मानते, वेगवेगळे मानायला गेले तर रात्र होईल.

काकूंचं ऐकून रुखवताचे पाच संच केले, सगळे गेले, दोन तर मांडवातूनच पुढच्या लग्नासाठी ठरले. तोरण चारशेला विकलं. आजी तीन शनिवार आल्या, शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायच्या, मुलांनी त्यांच्याभोवती गोल केला, आता सात जणांना टाच वळवता येते. आजींनी विणलेले मोजे कुठल्याच डब्यात गेले नाहीत, गावातल्या बाळांच्या पायात गेले, आणि त्यांना ते ठाऊक होतं, तरी दर मोज्याच्या आतल्या बाजूला त्या एक हिरवा धागा ओवायच्या. का विचारलं तर म्हणाल्या, तेव्हाच्या लोकरीचा रंग.

वैनगंगेपलीकडेंची पोस्ट मी वर्गात जशीच्या तशी वाचली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मुलांनी आपसात मत घेतलं. २० डब्यांऐवजी २४ होतील असं दिसत होतं, त्यातले १४ सीमेवर आणि १० गडचिरोलीला, असं ठरलं. त्या दहा डब्यांत पूर्णाकाठ दादांचे मोजे आहेत. मागच्या वर्षीचे ६०० रुपये ७ डिसेंबरला ध्वजदिनाच्या निधीत भरले, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पावती फलकावर लावली आहे, यंदाचा हिशोब पण तिथेच लागेल.

पत्रं मी तपासली नाहीत, फक्त पत्ता-फोन नाही ना एवढं बघितलं. एक डोळ्यात भरलं म्हणून सांगते, आठवीतल्या मुलीनं लिहिलंय, "दादा आमच्याकडे यंदा पाऊस लांबला, तूर चांगली आहे, कापूस भिजला. तुमच्याकडे काय आहे?" बस, एवढंच पत्र.

आज दुपारपासून खोके शिवणं चाललं होतं. मांजरपाट कमी पडला, एकीनं घरून पिठाच्या गिरणीतली धुतलेली पिशवी आणली. तो बोटांना चिरा पडणारा मुलगा आता दहावीत गेला आहे तरी आला, दाभण त्यानंच धरली. पण बोटांना व्हॅसलीन लावलेली, त्या बोटांनी कापड धरलं आणि एका डब्यावर मार्कर चढेना, पत्ता फिका उठला. ते कापड उसवून दुसरं शिवलं, पत्ता पुन्हा लिहिला, आत चिठ्ठी आहे का ते परत एकदा पाहिलं. चोवीस डबे माझ्या वर्गात बाकांवर ठेवले आहेत, पोस्ट सकाळी १० ला उघडतं, गावातला एक जण ट्रॅक्टर घेऊन येणार आहे.